चार चिरे

काजूची साल निघते ती नखाच्या टोकाने.
गर फुटला तर तुकडा, आणि तुकड्याला निम्मा भाव,
म्हणून डोळा जवळ न्यावा लागतो,
डोळ्यामागून कपाळ, कपाळामागून मान.
वेंगुर्ल्याच्या कारखान्यात मी अशी चौदा वर्षं वाकले
आणि समजत राहिले, काम हातांनी होतंय.

दुखणं लाटेसारखं आलं नाही.
खाडीचं पाणी चढतं तसं आलं, न वाजता.
आधी दोन खांद्यांच्या मधोमध एक चिमूट,
मग अंगठ्याला मुंग्या,
ज्या अंगठ्यावर घर चालतं त्याच.
एका सकाळी वेणी घालायला हात वरच जाईना.
तिसऱ्या टेबलावरच्या रोझलीनने घातली,
घालता घालता म्हणाली, "माझा पण तसाच गो."

उपाय काय कमी केले?
उंडीचं तेल चोळलं, उशी बदलली, उशी काढून टाकली.
औषधाच्या दुकानातला पट्टा गळ्यात घालून
पावणेदोन महिने बैलासारखी फिरले.
मान आणखीच आळसावली.
घाड्याने तांदूळ टाकले, म्हणाला,
पाठीवर कोणीतरी बसलाय.
तो अगदीच खोटं बोलला, असं मी म्हणणार नाही.

कारण पुढे सावंतवाडीच्या दवाखान्यात
दर गुरुवारी येणाऱ्या देवयानी शिरसाटने
माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं
आणि विचारलं, "हे किती किलोचं, सांगा?"
मी म्हटलं, आत काही नाही, हलकंच असणार.
ती हसली. "पाच किलो.
सरळ बसलात तर पाठीला पत्ताही लागत नाही.
काजूवर ओणवलात की मानेला वाटतं, वीस."
म्हणजे माझ्या मानगुटीवर
रोज आठ तास मीच बसलेली.

फोटो उजेडावर धरला. मणके मणके,
माडाच्या खोडावर वळे असतात तसे.
मी विचारलं, "माड तर जन्मभर समुद्राकडे कललेला,
त्याचं कसं दुखत नाही?"
"त्याला काजू सोलायचे नसतात," ती म्हणाली.
आणि मग, जरा हळू:
"चाळिशीनंतर झीज सगळ्यांच्याच फोटोत दिसते,
केस पिकतात तशी. फोटोला घाबरू नका.
हातातून भांडं निसटायला लागलं,
चालताना पाय अडखळला,
तर मात्र गुरुवारची वाट बघायची नाही."

गोळी चार दिवसांची दिली.
"गोळी दुखणं झोपवेल. टेबल उंच करणार नाही."

ते आम्ही केलं.
कुंपणाकडेला पडलेले जांभ्याचे चार चिरे
मी न् रोझलीनने एकेक करून आणले,
वाकून नाही, गुडघ्यात बसून, पोटाशी धरून,
शिकवल्याप्रमाणे.
गवंडे सुपरवायझर म्हणाले, हे काय नवीन?
रोझलीन म्हणाली, "टेबलाक चपला घातलव."
ते हसले नाहीत. पण काढायलाही लावले नाहीत.

आता अर्ध्या तासाने एकदा उठते.
भिंतीला डोकं टेकून हनुवटी आत ओढते,
दहादा, न चुकता;
चुकते कधी कधी.
मुंग्या कमी झाल्यात. गेल्या नाहीत.
अमावास्येला घाडी आठवतो.

परवा दिगंबर पाडेली नारळ काढायला आला.
वर्षभर मी खाली मान घालून
धप्प, धप्प, आवाजावरून नारळ मोजले होते.
वरून तो ओरडायचा, "ह्यो घड काढू?"
मी म्हणायचे, काढ.

या वेळी ओरडला तेव्हा
मी कमरेवर हात ठेवला,
हळूहळू, एकेक मणका विचारत, वर बघितलं.
झावळ्या, ऊन, त्याच्या पायातली दोरी,
आणि घड.
कोवळा होता.

"रवांदे," मी म्हटलं.